इंपालाची स्प्रिंग

आमच्या कॉलनीतल्या बिरारी आप्पांकडे नाशिकमधली सगळ्यात ताकदवान गाडी आहे, आणि ती रस्त्यावर कुणाच्याही पुढे गेलेली मी कधी पाहिली नव्हती. ट्रक-बस सोडाच, पण मालाची रिक्षा, सायकलला कॅन लटकवलेला दूधवाला, कडब्याची बैलगाडी, जे कोणी पुढे असेल त्याच्या मागे आप्पा आपले निमूट चालतात. एकदा गंगापूर रोडवर एक उंट पुढे होता. मुलांना पाठीवर बसवून फिरवतात ना, त्यातला. त्याची त्या दिवसाची कामं उरकली असावीत, रमतगमत घरी निघाला होता. त्याच्या मागे आप्पांची ती समुद्री हिरव्या रंगाची, शेपटीला पंख असलेली, आमच्या हॉलएवढी लांब अमेरिकन इंपाला. आणि तिच्या मागे अर्धं नाशिक हॉर्न वाजवतंय. शेवटी उंटानेच मान वळवून बघितलं, की बाबा, जातोस का? आप्पा काही जाईनात. मी मागच्या सीटवर भाजीची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. म्हटलं, "आप्पा, कोथिंबीर सुकायला लागली."

"घाई कोणाला आहे, वहिनी?" आप्पा म्हणाले.

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुसरं ठरलेलं वाक्य म्हणजे "तांत्रिकदृष्ट्या बघायला गेलं तर". पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते ना, त्यामुळे चहात साखर कमी पडली तरी आप्पा आधी तांत्रिकदृष्ट्या बघतात आणि मग मागतात.

ते कुणाच्या पुढे का जात नाहीत, यावर कॉलनीत तर्क पुष्कळ. कोणी म्हणे, पेट्रोल वाचवतात. आता ज्या माणसाने ती गाडी पाळली आहे तो पेट्रोल वाचवायला निघाला असेल तर हत्ती पाळून उसाच्या कांड्या मोजण्यासारखंच झालं. कोणी म्हणे, मोतीबिंदू आहे. पण आप्पा गच्चीवरून आमच्या दोरीवरचा कुठला चिमटा तुटलाय ते सांगतात. समोरच्या बंगल्यातले जुने रहिवासी म्हणायचे, "पूर्वी सुसाट न्यायचे हो. बाई होत्या तेव्हा. आता वय झालं." तेही मला पटायचं नाही, कारण आप्पा जिने दोन-दोन पायऱ्या घेत चढतात. आम्ही या कॉलनीत राहायला आलो त्याच्या आधीच आप्पांची बायको, शकुंतलाबाई, गेल्या होत्या. मी त्यांना पाहिलं ते भिंतीवरच्या फोटोतच. ठसठशीत कुंकू, आणि फोटो काढणाऱ्याचा कॅमेरा नीट आहे ना हे तपासतायत असे डोळे.

गाडी आप्पांना मिळाली ती पिंपळगावकडच्या एका द्राक्षबागायतदाराच्या शेडमध्ये. मुळात कुठल्याशा परदेशी वकिलातीतल्या साहेबाने मुंबईत आणलेली. तिथून हात बदलत बदलत ती द्राक्षांच्या क्रेटांमागे येऊन पडली, आणि आप्पा पाण्याच्या पाळ्यांचं भांडण सोडवायला त्या मळ्यात गेले तेव्हा तिच्यात कोंबड्या राहत होत्या. डिक्कीत अंडी, स्टिअरिंगवर कोंबडा. आप्पांनी भांडण सोडवलं की नाही कोण जाणे, पण कोंबड्यांना बाहेर काढलं. आजही पावसाळी हवेत गाडीला एक बारीकसा वास येतो. आप्पा म्हणतात, तो अमेरिकन लेदरचा आहे. मला अमेरिका माहीत नाही, पण कोंबडी माहीत आहे.

या गाडीत बसायचं म्हणजे देवळात जाण्यासारखं. चपला काढून हातात घ्यायच्या. आत खायचं नाही, वेणीफणी करायची नाही, सेफ्टी पिन लावलेली पर्स सीटवर टेकवायची नाही. दार आपटायचं तर नाहीच नाही. "नुसतं लोटायचं, वहिनी. अमेरिकन दार स्वतःच्या वजनाने लागतं." पहिल्यांदा आमच्या ह्यांनी टॅक्सीचं दार लावावं तसं ते धाडकन ओढलं, तेव्हा आप्पांनी डोळे असे मिटले की जणू ह्यांनी देवाला पाय लावला.

आणि या गाडीचं स्टिअरिंग डावीकडे. अमेरिकेत रस्त्याच्या उजव्या अंगाने चालतात म्हणे, म्हणून. तिकडे ते ठीक असेल, पण इथे त्याने काय काय होतं ते ऐका. मॉलमध्ये पार्किंगची चिठ्ठी उजवीकडच्या खिडकीतून घ्यायची असते. आप्पा डावीकडे. मग ते गाडी थांबवतात, उतरतात, मागच्या रांगेला नमस्कार करतात, त्या लांबलचक बॉनेटला वळसा घालून चिठ्ठी घेतात, परत वळसा, परत नमस्कार. एकदा त्र्यंबक नाक्यावर नव्याने आलेल्या पोलिसाने गाडी अडवली. सवयीने उजव्या खिडकीशी गेला आणि वाकून बघतो तर आत कोणीच नाही. पांढरी चादर घातलेली रिकामी सीट. तो बिचारा मागे सरला. "गाडी चालवतंय कोण?"

"इकडे, इकडे," आप्पा पलीकडून म्हणाले.

"मग तिकडे कोण आहे?"

"कोणी नाही. स्प्रिंग गेलीय."

आता हे स्प्रिंगचं प्रकरण. पुढच्या सीटची उजवी बाजू, म्हणजे आपल्याकडे जिथे ड्रायव्हर असतो ती जागा, आप्पा कोणाला देत नाहीत. पाहुणा कितीही मोठा असो, मागे बसायचं. विचारलं की उत्तर एकच, त्या बाजूची स्प्रिंग गेलीय, टोचेल. त्यावर ती पांढरी चादर, दर रविवारी धुतलेली, कोपरे गादीखाली दाबलेले.

आता बघा, हा माणूस कसा? दाराच्या हँडलची एक कडी अमेरिकेतल्या कुठल्या म्हाताऱ्याशी फोनवर ओळख काढून मागवणारा. मागच्या लाल दिव्याची काच मूळ कंपनीची नाही, एवढ्यासाठी महिनाभर जेवण गोड न लागलेला. आणि एक स्प्रिंग याला मिळेना?

"त्या वर्षाची मिळत नाही," आप्पा म्हणायचे.

त्यांची जुन्या गाड्यांची मंडळी आहे. रविवारी सकाळी एका मैदानावर जमतात, बॉनेट उघडून ठेवतात आणि चहा पितात. मी एकदा गेले होते. मला वाटलं, काही प्रदर्शन असेल. पण ते तर अगदी जॉगिंग ट्रॅकवरच्या म्हाताऱ्यांसारखं. फरक एवढाच, की ते स्वतःचं बीपी सांगतात आणि हे गाडीचं. "काल रात्रीपासून जरा खोकते आहे." "पाणी बदलून बघा." "माझी तर थंडीत उठतच नाही." एक डॉक्टर आहेत, ते स्वतःच्या गाडीत बसत नाहीत, लेदरला सुरकुती पडेल म्हणून. ते स्कूटरवर येतात आणि गाडी मागून क्रेनवर येते. त्यांच्यात खरा वाद होतो तो एकाच गोष्टीवर, ओरिजिनल काय आणि नाही काय. आप्पांना एकाने खोचून विचारलं, "तुमच्या डॅशबोर्डवरचं घड्याळ बंद आहे."

"तांत्रिकदृष्ट्या बघायला गेलं तर," आप्पा म्हणाले, "ते अमेरिकेतही बंदच असायचं. हे ओरिजिनल बंद आहे."

त्याच मंडळींपैकी एकाने माझ्यादेखत विचारलं, "बिरारी, ती स्प्रिंग मी बनवून देऊ का? माझ्याकडे माणूस आहे." तर आप्पा एकदम बॉनेटमध्ये वाकले आणि बराच वेळ बाहेरच आले नाहीत.

असो. सांगायची गोष्ट पुढेच आहे.

माझी नणंद शैला सटाण्याला दिलेली. तिची मुलगी ऋतुजा, आमची भाची, हिचं लग्न ठरलं, तिथेच, सटाण्यात. मुलगी माझ्या मोबाइलवर आप्पांच्या गाडीचा फोटो बघून बसलेली. "मामी, मला सासरी या गाडीतून जायचंय. बाकी काही नको." बाकी सगळं आधीच घेऊन झालं होतं, ते सोडा. मी आप्पांना भीतभीत विचारलं. त्यांनी नाशिकबाहेर गाडी काढलेली मी तरी पाहिली नव्हती.

"कुठे म्हणालात?"

"सटाण्याला."

आप्पांनी हातातल्या फडक्याची घडी घातली, ती उलगडली, परत घातली. "शकूचं माहेर तिकडचं," म्हणाले. "बरं. जाऊ."

आमच्यात लग्नाआधी मुलगी गौरीहर पुजायला बसते, ती मामाकडची पिवळी साडी नेसून. आणि मग मामाच तिला हाताला धरून बोहल्यावर आणतो. मामा म्हणजे आमचे हे. साडी आधी पाठवून देऊ म्हटलं तर शैला ऐकेना. "दादाने स्वतःच्या हाताने आणायची. कुरिअर काय करता?" म्हणजे मामा आणि साडी दोन्ही आप्पांच्या गाडीत, आणि आप्पांची गाडी कोणाच्या तरी मागे. ही अक्कल मला आदल्या रात्री अंथरुणावर पडल्यावर आली. मी ह्यांना म्हटलं, "भाड्याची गाडी बघायची का?" हे म्हणाले, "दुपारचा मुहूर्त आहे. पहाटे निघू. बैलगाडीनेसुद्धा पोचू." माणसाने शुभ बोलावं.

पहाटे निघालो. चपला हातात, साडीची पेटी ह्यांच्या मांडीवर, आम्ही दोघं मागे. आप्पांनी हायवे सोडून वणीचा रस्ता धरला. का, तर हायवेवर लोक फार घाईत असतात. दिंडोरीपर्यंत एका बसच्या मागे गेलो. ती थांबली की आम्ही थांबायचो. कंडक्टर आम्हाला ओळखायला लागला, शेवटच्या थांब्यावर त्याने हात केला. तिथून वणीपर्यंत गडावर चाललेल्या भाविकांचा टेम्पो. त्यातल्या बायका आमच्याकडे तोंड करून बसलेल्या, त्यांनी गाडीच्या लांबीवरून, रंगावरून, माझ्या शालूवरून सगळी चर्चा करून घेतली. एक म्हणाली, "लय मोठी गाडी हाय, पर बिघडलेली दिसती."

वणी सोडली आणि पुढे कांद्याचा ट्रॅक्टर आला. दोन ट्रॉल्या, वर ताडपत्री, आणि तिच्या फटीतून उडणारी कांद्याची सालं. ती आमच्या काचेवर येऊन चिकटायची. आप्पा वायपर फिरवायचे.

"उन्हाळी कांदा," आप्पा कौतुकाने म्हणाले. "रंग चांगला आहे."

शैलाचा फोन आला. इतक्या वर्षांत तिच्या बोलण्यात तिकडच्या अहिराणीचं पाणी मुरलंय. "वहिनी, कुठे शे तुम्ही?"

"आलोच. वणी सोडली."

"अजून वणी? भटजी येऊन बसलेत. गौरीहर मांडून झालाय. साडी कुठे शे?"

"मांडीवर."

फोन ठेवला. ह्यांनी घसा खाकरला. बँकेत मॅनेजर होते तेव्हा कर्ज थकवणाऱ्याशी बोलायला सुरुवात करताना ते असाच घसा खाकरायचे. "आप्पा, ही गाडी किती हॉर्सपॉवरची?"

"अडीचशेच्या घरात."

"आणि तो ट्रॅक्टर?"

"पस्तीस असेल. फार तर चाळीस."

"मग आपले बाकीचे घोडे कुठे गेले?"

"आहेत ना. आत उभे आहेत."

"त्यांना जरा बाहेर काढा की. माझी भाची पाटावर बसायची खोळंबली आहे."

"गायधनीसाहेब, मला दिसत नाही," आप्पा म्हणाले. "तांत्रिकदृष्ट्या बघायला गेलं तर मी डावीकडे बसलोय. मला ट्रॉलीचं फळकूट दिसतं, पलीकडचा रस्ता दिसत नाही. समोरून काय येतंय ते मी बघेपर्यंत अर्धी गाडी पलीकडे गेलेली असते."

म्हणजे बघा. वर्षानुवर्षं कॉलनीने पेट्रोल काढलं, मोतीबिंदू काढला, वय काढलं, आणि कोणाच्या डोक्यात आलं नाही की माणसाला दिसतच नाही.

"एवढंच ना," हे म्हणाले. "मी उजवीकडेच बसलोय. मी सांगतो." आणि काच खाली करून त्यांनी डोकं बाहेर काढलं. सूट घातलेला, केसांना कलप लावलेला मुलीचा मामा. "जा," हे ओरडले. "जा, जा, जा... अहो थांबा, थांबा, थांबा."

गाडी उजवीकडे झुकली, समोरून आलेल्या एसटीने रस्ताभर हॉर्न मारला, आणि आप्पांनी आम्हाला परत ट्रॉलीच्या मागे आणून ठेवलं. ह्यांनी डोकं आत घेतलं तेव्हा कलपावर कांद्याची सालं होती.

"मागून सांगितलेलं चालत नाही," आप्पा हळूच म्हणाले. "मागच्याला उशिरा दिसतं. पुढे बसलेल्याने सांगायचं असतं."

"मग बसवत का नाही कोणाला पुढे?" ह्यांनी विचारलं.

"स्प्रिंग गेलीय."

परत फोन. या वेळी शैला नव्हती, ऋतुजाच होती. मागे सनईची कॅसेट आणि बायकांचा गलका. "मामी, सगळ्या म्हणतायत दुसरी पिवळी साडी नेस, इथली कुठलीतरी. नेसू का?" विचारताना सहज विचारल्यासारखं केलं पोरीने, पण शेवटच्या शब्दाला आवाज चिरकला. तिचे वडील ती लहान असताना गेले. तिच्या प्रत्येक कार्यात वडिलांच्या जागेवर मामा उभा राहिलाय.

"अजिबात नाही," मी म्हटलं. "मामाचीच नेसायची. आलो आम्ही."

फोन पर्समध्ये टाकला. "आप्पा, गाडी बाजूला घ्या. मी पुढे बसते."

"वहिनी, स्प्रिंग..."

"टोचू दे. मी तीन बाळंतपणं काढलीत, एक स्प्रिंग काढीन."

आप्पांनी गाडी एका बाभळीखाली घेतली. ट्रॅक्टर पुढे निघून गेला, सालं खाली बसली. मला वाटलं, आता हे नाही म्हणणार. ते उतरले, बॉनेटला वळसा घालून उजवीकडे आले आणि दार उघडून नुसते उभे राहिले. मग वाकून चादरीचे कोपरे सोडवले. एक एक. चादरीची घडी घातली, ती कुठे ठेवावी त्यांना कळेना, म्हणून मी हात पुढे केला आणि माझ्याकडे घेतली.

मी बसले.

स्प्रिंगला काहीही झालेलं नव्हतं. आमच्या घरच्या सोफ्यापेक्षा ती सीट चांगली होती. उलट तिला एका माणसाच्या बसण्याचा आकार होता, माझ्याहून थोडा बारीक. समोर ॲशट्रे अर्धवट उघडा होता. त्यात केसांना लावायचे आकडे पडलेले, काळे, थोडे गंजलेले. आप्पांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी बोटाने ॲशट्रे हळूच लोटून लावला. तोही स्वतःच्या वजनाने लागला.

"टोचतंय का?" आप्पांनी गाडी सुरू करत विचारलं.

"थोडंसं," मी म्हटलं. "चालेल."

"आता ऐका. थांबा असं म्हणायचं नसतं. तुम्ही काही म्हणत नाही तोवर मी थांबलेलाच आहे. फक्त 'जा' म्हणायचं, आणि एकदाच. एकदा जा म्हटलं की मागे घ्यायचं नाही."

मला सायकलसुद्धा येत नाही. मी आयुष्यात कुणाला कुठे जा म्हटलं असेल तर ते दारावरच्या सेल्समनला. ट्रॅक्टर आम्ही परत गाठला. उजवीकडून मला सगळा रस्ता दिसत होता, लांबवर, थेट वळणापर्यंत. एक पिकअप आली, गेली. एक मोटरसायकल, तिच्यावर तिघं. मग एक ट्रक. मी तोंड उघडायची आणि मिटायची. आप्पा समोर फळकुटाकडे बघत होते. मग रस्ता रिकामा झाला. मी आणखी थोडा वेळ बघितलं, देवीचं नाव घेतलं आणि म्हटलं, "जा."

आप्पांनी उजवीकडे मान वळवली नाही. वाकून बघितलं नाही, अंदाज घेतला नाही. मी म्हटलं आणि ते गेले. ते आत उभे असलेले सगळे घोडे एकदम बाहेर आले. मी सीटला चिकटले, मागे ह्यांनी पेटी छातीशी धरली, कांद्याच्या दोन ट्रॉल्या, ट्रॅक्टर आणि त्याचा तोंड उघडा टाकून बघणारा ड्रायव्हर हे सगळं खिडकीतून सर्रकन मागे गेलं. पुढे मोकळा रस्ता आणि आमचं ते लांब हिरवं बॉनेट, सालांशिवाय.

आप्पांनी गाडी हळूच परत डावीकडे घेतली.

"उशिरा म्हणालात," आप्पा म्हणाले.

"काय?"

"जा. शकू जरा आधी म्हणायची. समोरची गाडी शेजारून जातेय न जातेय तोच. 'मोकळा शे, जा.' मी कधी बघितलंच नाही पलीकडे. बघून दिसणार नव्हतं, मग बघायचं कशाला?"

आमच्या घरी दूध नासलंय म्हणून मी सांगितलं तरी हे पातेल्याशी येऊन स्वतः वास घेऊन बघतात. आणि इथे हा माणूस एका बाईच्या शब्दावर समोरून येणाऱ्या ट्रकांच्या रस्त्यात गाडी घालत होता, आयुष्यभर, न बघता. मग ती बाई गेली. तेव्हापासून हा माणूस उंटाच्या मागे.

त्यानंतर सटाण्यापर्यंत आम्ही कोणाला सोडलं नाही. ट्रॅक्टर, जीप, वऱ्हाडाची बस, आणखी कांदा. माझं 'जा' सुधारत गेलं. एकदा आप्पा "हां" म्हणाले. त्यांच्या मानाने ते भाषण होतं.

कार्यालयाच्या दारात शैला उभीच होती. साडी घेतली आणि धावली. ऋतुजा त्या साडीत गौरीहरापुढे बसली, तांदूळ वाहताना एकदा मान वर करून तिने मामाकडे बघितलं, आणि आमचे हे एकदम खांबाची रंगीत पताका सरळ करायला लागले. मुहूर्ताची वेळ झाली, हात धरून बोहल्यावर न्यायला मामा तयार. तर नवरदेव कुठे? नवरदेवाची वरात मारुतीच्या देवळापाशी नाचत होती. मुहूर्त टळून गेला, भटजींनी अक्षता परत ताटात ओतल्या, आम्ही दोन वेळा सरबत प्यायलो, तरी बँड काही पुढे सरकेना.

आप्पा पंगतीच्या कडेला खुर्चीवर बसले होते. मला जवळ बोलावून म्हणाले, "वहिनी, तांत्रिकदृष्ट्या बघायला गेलं तर आपण ट्रॅक्टरच्या मागूनसुद्धा वेळेवर आलो असतो."

"हो," मी म्हटलं. "उगाच घाई केली."

आप्पा हसले. त्यांना एवढं हसताना मी पहिल्यांदाच बघत होते.

ऋतुजाला त्याच गाडीतून सासरी सोडून परत येताना हे मागच्या सीटवर सूट घालून घोरत होते, आणि मी पुढे. घरी आल्यावर मी उतरले तशी आप्पांनी माझ्या हातातून चादर घेतली आणि परत सीटवर घालण्याऐवजी खांद्यावर टाकून घरात गेले.

पुढच्या रविवारी सकाळी बेल वाजली. दारात आप्पा. इस्त्रीचा शर्ट, हातात गाडीची किल्ली.

"वहिनी, स्प्रिंग दुरुस्त करून घेतली."

"मिळाली का त्या वर्षाची?"

"मिळाली."

ह्यांनी पेपर खाली करून एकदा आप्पांकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि पेपर परत वर घेतला. मला म्हणाले, "येताना कोथिंबीर आण."

मी चपला हातात घेतल्या आणि पुढे बसले. दार नुसतं लोटलं. गंगापूर रोडला लागलो तर पुढे तोच उंट, पाठीवर गोंड्यांची झूल, मधोमध चाललेला. आप्पांनी गाडी त्याच्या मागे घेतली. समोरून एक रिक्षा येत होती. ती शेजारून जातेय न जातेय तोच मी म्हटलं, "जा."